मोरांडी पूल: रेल्वे यार्डावरचा केबल-स्टेड पूल उभा कसा होता आणि पडला का?

१४ ऑगस्ट २०१८, सकाळचे ११ वाजून ३६ मिनिटं. इटलीतल्या जेनोवा शहरात धो-धो पाऊस पडत होता. हायवेवरच्या एका उंच पुलाचा दोनशे मीटरच्या आसपास लांबीचा तुकडा, त्याच्या मनोऱ्यासकट, खाली कोसळला. त्यावरच्या गाड्या आणि ट्रक ४५ मीटर खाली गेले. ४३ माणसं दगावली.

पुलाचं अधिकृत नाव पोल्चेवेरा व्हायाडक्ट. पण जगात तो ओळखला जातो 'मोरांडी पूल' म्हणून, कारण त्याचा आराखडा रिकार्दो मोरांडी या इटालियन इंजिनिअरचा होता. हा पूल नदी, कारखाने, राहत्या इमारती आणि रेल्वेचं यार्ड, या सगळ्यांच्या डोक्यावरून जायचा. असले पूल आता आपल्याकडेही झालेत आणि होतायत. म्हणून तो कसा उभा होता, कशामुळे पडला आणि आजचे पूल त्याच्यापेक्षा वेगळे कसे, हे नीट समजून घेऊ. गणित लागेल, पण दहावीच्या पुढचं नाही.

थोडक्यात माहिती

- ठिकाण: जेनोवा, इटली. ए-१० मोटरवेचा भाग
- बांधकाम: १९६३ ते १९६७
- वाहतुकीला खुला: सप्टेंबर १९६७
- एकूण लांबी: ११८२ मीटर
- केबल-स्टेड भागातले मनोरे: ३ (क्रमांक ९, १० आणि ११), प्रत्येकी सुमारे ९० मीटर उंच
- रस्त्याची जमिनीपासून उंची: सुमारे ४५ मीटर
- सर्वांत मोठा गाळा: सुमारे २१० मीटर
- कोसळला: १४ ऑगस्ट २०१८ (मनोरा क्रमांक ९)
- उरलेले मनोरे स्फोटकांनी पाडले: २८ जून २०१९

यार्डावरूनच का नेला?

जेनोवा हे इटलीचं मोठं बंदर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लगेच डोंगर. मध्ये सपाट जागा म्हणाल तर पोल्चेवेरा नदीचं चिंचोळं खोरं. बंदरातला माल उत्तरेकडे न्यायचा तर रेल्वेला याच खोऱ्यातून जावं लागतं. त्यामुळे रूळ, यार्ड, कारखाने, कामगारांच्या चाळीवजा इमारती, सगळं तिथेच दाटीवाटीने बसलेलं.

मोटरवेला मात्र हे खोरं आडवं ओलांडायचं होतं. खाली खांब ठोकायला मोकळी जागा नाही, आणि रूळ उखडून बाजूला करायचे म्हणजे बंदर बंद ठेवण्यासारखं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर खालची सिस्टीम 'लाइव्ह' आहे, ती बंद न करता वर नवीन काम चढवायचं आहे. असल्या जागी इंजिनिअरचा पहिला प्रश्न असतो, कमीत कमी खांबांत लांबच लांब उडी कशी मारता येईल? त्याचं एक चांगलं उत्तर म्हणजे केबल-स्टेड पूल.

केबल-स्टेड पूल म्हणजे काय?

आधी एक गोंधळ दूर करू. झुलता पूल आणि केबल-स्टेड पूल हे दोन वेगळे प्रकार आहेत.

झुलत्या पुलात दोन मनोऱ्यांवरून एक जाडजूड केबल झोक्यासारखी सोडलेली असते, आणि तिला उभ्या दोऱ्या बांधून रस्ता टांगलेला असतो. ऋषिकेशचा राम झुला या प्रकारचा.

केबल-स्टेड पुलात मधली झोक्याची केबल नसतेच. मनोऱ्यापासून निघालेल्या तिरक्या केबल थेट रस्त्याला येऊन मिळतात. मुंबईचा वांद्रे-वरळी सी लिंक डोळ्यासमोर आणा. नागपुरात स्टेशनजवळ रुळांवर जो पूल आहे, त्यालाही लोक राम झुलाच म्हणतात, पण तो झुलता नाही, केबल-स्टेड आहे. नावावर जाऊ नका, केबल कुठे जाऊन मिळतात ते बघा.

या पुलाचे तीन मुख्य भाग असतात:

- डेक: ज्यावरून गाड्या जातात तो रस्त्याचा पट्टा
- मनोरा: ज्याला इंजिनिअर पायलॉन म्हणतात
- केबल: मनोरा आणि डेक यांना जोडणाऱ्या तिरक्या तारा

आधुनिक केबल-स्टेड पुलांची सुरुवात साधारणपणे स्वीडनमधल्या स्ट्रोमसुंड पुलापासून धरतात. तो १९५५ च्या सुमारास बांधला गेला, त्याचा मुख्य गाळा सुमारे १८३ मीटर. आज रशियातल्या रस्की पुलाचा एक गाळा ११०४ मीटर आहे. एवढी झेप शक्य झाली त्यात स्टीलचा वाटा आहेच, पण कॉम्प्युटरचाही आहे. एका केबलचा ताण बदलला की बाकी सगळ्या केबलचा थोडा थोडा बदलतो. शंभर केबल असतील तर ते गणित हाताने सोडवता सोडवता आयुष्य जाईल.

ताणाचं गणित

समजा एका केबलवर डेकच्या १०० टन वजनाचा भार आहे. केबल सरळ उभी असती तर तिच्यात १०० टनांचाच ताण आला असता. पण ती तिरकी आहे. मग हिशेब असा होतो:

केबलमधला ताण = वजन ÷ साइन (केबलचा आडव्या रेषेशी कोन)

- कोन ४५ अंश असेल तर ताण सुमारे १४१ टन
- कोन ३० अंश असेल तर ताण २०० टन
- कोन २० अंश असेल तर ताण सुमारे २९२ टन

म्हणजे केबल जितकी आडवी, तितका ताण जास्त. म्हणून मनोरे उंच करावे लागतात. मोरांडी पुलाचे मनोरे ९० मीटरचे होते, म्हणजे रस्त्याच्याही वर आणखी ४५ मीटर, ते उगाच नाही.

आता ही तिरकी केबल डेकला फक्त वर उचलत नाही, मनोऱ्याच्या दिशेने आडवी ओढतेसुद्धा. ३० अंशाच्या केबलमध्ये ही आडवी ओढ १७३ टन भरते. डेक दोन्ही बाजूंनी असा मनोऱ्याकडे ढकलला जातो, त्यामुळे तो दाबाखाली असतो. काँक्रीटला दाब मानवतो, स्टीलच्या तारेला ताण मानवतो. ज्याला जे जमतं ते काम त्याला दिलेलं असतं.

एक अट मात्र आहे, दोन्ही बाजूंचा तोल. मनोऱ्याच्या डाव्या बाजूची केबल जेवढं ओढते, तेवढंच उजव्या बाजूच्या केबलनेही ओढायला हवं. खांद्यावरच्या कावडीसारखं समजा. एका बाजूची घागर सुटली की दुसरी बाजूही जागेवर राहत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रुळांवर हाच प्रकार सोयीचा का?

आपल्या भारतीय रेल्वेचे आकडे घेऊन बघू, म्हणजे अंदाज येईल.

*पहिली अडचण: रुंदी.* नव्या कामात शेजारच्या दोन रुळांच्या मध्यरेषांत किमान ५.३ मीटर अंतर ठेवतात. दहा मार्गांचं यार्ड म्हटलं की पन्नास मीटर तिथेच गेले. त्यात प्लॅटफॉर्म आणि बाजूचे रस्ते धरले तर शंभर मीटरच्या पुढे जायला वेळ लागत नाही.

*दुसरी अडचण: उंची.* रुळांवर २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर असते. पुलाचा तळ रुळापासून साडेसहा मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर ठेवावा लागतो. आता १२० मीटरचा गाळा साध्या गर्डरने ओलांडायचा तर रस्त्याखालचा गर्डरच सहा मीटरच्या आसपास खोल होईल. केबल-स्टेड पुलात डेकला दर काही मीटरवर केबलचा आधार मिळतो, त्यामुळे तो दोनेक मीटर जाडीत भागतो. फरक चार मीटरचा. पण रस्ता चार मीटर जास्त वर न्यायचा तर १ ला ३० च्या चढाने दोन्ही बाजूंना १२० मीटर जादा रॅम्प लागेल. भरवस्तीत तेवढ्या रॅम्पसाठी किती दुकानं आणि घरं जातील, विचार करा.

*तिसरी अडचण: वेळ.* रुळांच्या डोक्यावर काम करायचं तर रेल्वेकडून ब्लॉक घ्यावा लागतो. मुंबईकरांना मेगाब्लॉक वेगळा समजावून सांगायला नको. गाड्या थांबवायच्या, वायरीतली वीज बंद करायची, आणि मिळालेल्या दोन-चार तासांत काम उरकायचं. केबल-स्टेड पुलात डेक मनोऱ्यापासून तुकड्या-तुकड्याने पुढे सरकवता येतो. एक तुकडा जोडा, त्याच्या केबल ताणा, मग पुढचा. खालून टेकू देण्यासाठी यार्डात लोखंडी सांगाडे उभारावे लागत नाहीत.

याला पर्याय नाहीत असं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वर येणारा लोखंडी सांगाड्याचा किंवा कमानीचा पूलही डेक पातळ ठेवतो. साठ-सत्तर मीटरच्या उडीसाठी तो बऱ्याचदा स्वस्तही पडतो. गाळा शंभरच्या पुढे गेला आणि मधे खांबाला जागाच नसली की केबलचं पारडं जड होतं.

मोरांडींनी वेगळं काय केलं?

आज केबल-स्टेड पूल म्हटला की पंख्यासारख्या पसरलेल्या ढीगभर केबल दिसतात. मोरांडी पुलात तसं नव्हतं. प्रत्येक मनोऱ्याला फक्त चार तिरके ताण-दांडे होते, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. बस्स.

आणि ते उघड्या केबलचे नव्हते. आत स्टीलच्या तारांचे जुडगे, आणि त्यावर काँक्रीटचं आवरण. त्या काळी या कल्पनेत दम होता. काँक्रीटमुळे स्टीलला हवा-पाणी लागणार नाही, गंज चढणार नाही. शिवाय काँक्रीट आधीच दाबून ठेवल्यामुळे दांडा ताठ राहणार, ट्रक गेल्यावर कमी ताणला जाणार. मोरांडींनी याच धर्तीवर व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवरावर (१९६२) आणि लिबियात वादी अल-कुफ इथे (१९७१) पूल उभारले.

जेनोवाच्या तिन्ही मनोऱ्यांचे डेक एकमेकांना सलग जोडलेले नव्हते. प्रत्येक मनोरा आपापल्या डेकसह स्वतंत्र तोलावर उभा, आणि दोघांच्या मधल्या फटीत ३६ मीटरचा एक तुकडा नुसता टेकवून ठेवलेला. म्हणूनच २०१८ मध्ये नऊ नंबरचा मनोरा पडला तेव्हा दहा आणि अकरा उभे राहिले.

या रचनेत दोन अडचणी दडलेल्या होत्या.

अडचण एक: बदली खेळाडू नाही. चारपैकी एक दांडा गेला तर त्याचा भार उचलायला शेजारी दुसरा कोणी नाही. आम्ही याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो. एकच सर्व्हर, बॅकअप नाही. तो बसला की सगळंच बसलं. सर्व्हर निदान रीस्टार्ट तरी करता येतो.

अडचण दोन: आतलं दिसत नाही. काँक्रीट स्टीलचं रक्षण करतं, हे खरं. पण काँक्रीटला बारीक तडे गेले आणि आत खारी हवा शिरली की तेच आवरण पडदा बनतं. गंज आत, आणि बाहेरून बघणाऱ्याला दिसतं काँक्रीट. पुलाच्या एका अंगाला समुद्र होता, आणि आसपासच्या पोलाद कारखान्यांचा धूरही होता.

इशारे मिळाले होते का?

हो, आणि पहिला इशारा खुद्द मोरांडींचाच. पूल सुरू होऊन बारा वर्षं झाली होती तेव्हा, १९७९ मध्ये, त्यांनी लिहून ठेवलं की समुद्राची हवा आणि प्रदूषण यांमुळे काँक्रीट अपेक्षेपेक्षा लवकर झिजतंय आणि स्टीलला संरक्षण द्यावं लागेल.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अकरा नंबरच्या मनोऱ्याच्या दांड्यांची तपासणी झाली. आतल्या तारा खराब झालेल्या निघाल्या. मग त्या दांड्यांना बाहेरून नव्या स्टील केबलची जोड देण्यात आली. पडण्याआधीच्या फोटोंत या जादाच्या केबल स्पष्ट दिसतात. दहा नंबरच्या मनोऱ्यावर वरच्या भागात थोडी मजबुती केली गेली. नऊ नंबरला तसं काही झालं नाही.

२०१७ मध्ये मिलानच्या पोलितेक्निको विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी कंपनांचा अभ्यास केला. नऊ नंबरचे दांडे जसे कंप पावायला हवेत तसे पावत नाहीत, असं त्यांना आढळलं. नऊ आणि दहा नंबरचे दांडे मजबूत करण्याचा प्रकल्प २०१८ मध्ये मंजूरही झाला होता. काम सुरू व्हायच्या आधी १४ ऑगस्ट उजाडला.

डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी अहवाल दिला. त्यांच्या मते पडझडीची सुरुवात झाली नऊ नंबरच्या मनोऱ्याच्या दक्षिणेकडच्या एका दांड्याच्या वरच्या टोकाशी, आतल्या तारांना लागलेल्या गंजामुळे. एक दांडा तुटला, कावडीचा तोल गेला, आणि मागोमाग सगळा मनोरा खाली आला. पन्नासहून अधिक लोकांवरचा खटला जुलै २०२२ मध्ये जेनोवात सुरू झाला.

पूल पडल्यावर त्याच्या सावलीत राहणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. खालचे रेल्वेमार्ग काही आठवडे बंद राहिले. यार्डावर पूल बांधला की रस्ता आणि रेल्वे यांचं नशीब एकत्र बांधलं जातं, ते असं.

आजच्या केबल वेगळ्या कशा?

आजकालच्या पुलांत एक केबल म्हणजे अनेक 'स्ट्रँड'चा जुडगा असतो. एक स्ट्रँड म्हणजे सात तारा पिळून केलेला दोर, जाडी साधारण १५.७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीएवढी. असा एक दोर तुटायला सुमारे २८ टन ओढ लागते. पण रोजच्या वापरात त्याच्यावर त्या ताकदीच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ताण येऊ देत नाहीत, म्हणजे सुमारे पावणेतेरा टन. आपल्या वरच्या उदाहरणातल्या २०० टनांसाठी असे १६ दोर लागतील.

गंज रोखायला एकावर एक थर असतात:

1. प्रत्येक तारेवर जस्ताचा मुलामा
2. तारांच्या मधल्या फटींत मेण किंवा ग्रीस
3. प्रत्येक दोरावर प्लास्टिकचं घट्ट आवरण
4. सगळ्या जुडग्यावर बाहेरून जाड प्लास्टिकची नळी

नळीवर तुम्हाला स्क्रूसारखी पिळाची रेघ दिसेल. ती शोभेची नाही. पावसात केबलवरून पाण्याची धार वाहते, तिच्यामुळे केबलचा आकार वाऱ्यासाठी बदलतो आणि ती थरथरायला लागते. १९८० च्या दशकात जपानमधल्या मेइको-निशी पुलावर हा प्रकार नीट अभ्यासला गेला. ती पिळाची रेघ पाण्याची धार मोडते. शिवाय केबलच्या खालच्या टोकाशी डॅम्पर बसवतात, मोटरसायकलच्या शॉकअबसॉर्बरसारखे.

आणि सगळ्यांत मोठा फरक म्हणजे संख्या. केबल भरपूर आणि जवळजवळ. डिझाइन करतानाच दोन गोष्टी तपासतात: एखादी केबल अचानक तुटली तर पूल उभा राहील का, आणि वाहतूक मर्यादित ठेवून एखादी केबल काढून नवी बसवता येईल का. दोन्हींचं उत्तर 'हो' यायलाच हवं.

पुलाची नाडी कशी बघतात?

हा भाग मला सगळ्यात आवडतो. तंबोऱ्याची तार घट्ट केली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. केबलचंही तसंच आहे. ती किती वेगाने कंप पावते त्यावरून तिच्यातला ताण काढता येतो:

फ्रिक्वेन्सी = (१ ÷ २ × लांबी) × वर्गमूळ (ताण ÷ दर मीटरचं वस्तुमान)

आपलं २०० टन ताणाचं उदाहरण घ्या. लांबी ६० मीटर, वजन मीटरला २५ किलो. २०० टनांची ओढ म्हणजे सुमारे १९,६०,००० न्यूटन. त्याला २५ ने भागा, ७८,४०० येतात. वर्गमूळ २८०. भागिले १२०. उत्तर २.३३ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सव्वादोनपेक्षा किंचित जास्त हेलकावे. आता ताण दहा टक्क्यांनी कमी झाला तर फ्रिक्वेन्सी २.२१ वर येईल. डोळ्यांना हा फरक दिसणार नाही, सेन्सरला लगेच कळतो.

हा सेन्सर म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर. तोच, जो तुमच्या फोनमध्ये आहे आणि ज्याच्यामुळे फोन आडवा केला की स्क्रीन फिरते. पुलावरचे सेन्सर जास्त अचूक असतात, पण तत्त्व एकच. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे फुकट अ‍ॅप घेऊन तुम्ही घरी प्रयोग करू शकता. फोन झोपाळ्यावर ठेवा, हलका झोका द्या आणि आलेख बघा. पुलावर जाऊन मात्र हा उद्योग नको. भर रहदारीत थांबणं, कठड्यावरून वाकणं आणि रुळांच्या वायरीवर सेल्फी स्टिक काढणं, तिन्ही जिवावर बेतू शकतं. २५ हजार व्होल्टच्या तारेला हात लागायचीही गरज नसते, फार जवळ गेलं तरी वीज उडी मारते. म्हणून दोन मीटरच्या आत जायचंच नाही, असा नियम आहे.

जेनोवात आता काय आहे?

३ ऑगस्ट २०२० रोजी त्याच जागी नव्या पुलाचं उद्घाटन झालं. नाव जेनोवा सान जॉर्जो. आराखडा जेनोवाचेच सुपुत्र, वास्तुविशारद रेंझो पियानो यांचा. लांबी १०६७ मीटर.

आणि गंमत म्हणजे हा पूल केबल-स्टेड नाही. स्टील-काँक्रीटचा सलग डेक आणि खाली १८ खांब. बहुतेक गाळे ५० मीटरचे, फक्त नदी आणि रेल्वे ओलांडताना तीन गाळे १०० मीटरचे. देखरेखीसाठी सेन्सर आणि डेकच्या खालून तपासणी करत फिरणारे रोबो बसवले आहेत.

आपल्याकडे काय?

२०१८ चा पावसाळा आपल्यालाही जड गेला. ३ जुलैला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. ४ सप्टेंबरला, म्हणजे जेनोवानंतर बरोब्बर तीन आठवड्यांनी, कोलकात्यात रेल्वेवरच्या माझेरहाट पुलाचा भाग पडला आणि तिघांचा जीव गेला.

कोलकात्यात जेनोवाच्या उलट घडलं. जुना माझेरहाट पूल केबल-स्टेड नव्हता. नवा मात्र केबल-स्टेड बांधला. ३ डिसेंबर २०२० ला तो 'जय हिंद' नावाने सुरू झाला. बंगालमध्येच बर्धमान स्टेशनच्या यार्डावर सुमारे १८८ मीटरचा केबल-स्टेड पूल आहे. नागपूरच्या राम झुल्याचा उल्लेख वर आलाच. मुंबईत हार्बर मार्गावर रे रोडला २०२५ मध्ये केबल-स्टेड रेल्वे उड्डाणपूल खुला झाला.

एका शहरात केबल गेल्या, दुसऱ्या शहरात आल्या. मग बरोबर कोण? दोघंही. पोल्चेवेराच्या खोऱ्यात या वेळी खांबांना जागा काढता आली. माझेरहाटला रुळांमध्ये ती नको होती. प्रकार कोणता यापेक्षा, त्याचा प्रत्येक भाग बघता येतो का, बदलता येतो का आणि कोणी खरंच बघतंय का, यावर पूल किती वर्षं टिकेल ते ठरतं.

नेहमी पडणारे प्रश्न

केबल-स्टेड पूल धोकादायक असतात का?
नाही. मोरांडी पुलाची रचना आजच्या पुलांपेक्षा फार वेगळी होती. चार बंदिस्त दांडे आणि कित्येक डझन बदलता येणाऱ्या केबल यांची तुलना होत नाही.

पुलावर चालताना तो हलतो, घाबरायचं का?
ट्रक गेल्यावर हलकीशी थरथर प्रत्येक पुलाला असते. अजिबात न हलणारा पूल नसतोच.

रेल्वेवर पूल बांधायला कोणाची परवानगी लागते?
चालू मार्गांवरच्या अशा कामाला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. तपासणारा आणि चालवणारा वेगळा असावा, हा त्यामागचा विचार.

सामान्य माणसाला काय बघता येईल?
केबलच्या प्लास्टिक नळीला भेग, डेकला मिळते तिथे गंजाचे तपकिरी ओघळ, सांध्यातून सतत गळणारं पाणी, काँक्रीटचा निखळलेला पापुद्रा. असं काही फूटपाथवरून सहज दिसलं तर लांबूनच फोटो काढा आणि महापालिकेच्या तक्रार अ‍ॅपवर किंवा त्या पुलाची देखभाल करणाऱ्या संस्थेकडे ठिकाणासकट पाठवा. तक्रार क्रमांक जपून ठेवा, आणि आठ-पंधरा दिवसांनी त्याचं पुढे काय झालं ते विचारा.